पिवळ्याची जागा

शमुवेल भिंगारदिवे यांना क्लबात कोणीही अहोजाहो करत नव्हतं. मीही नाही. साठीला टेकलेला माणूस, आणि काल मेंबर झालेला कोणीही त्यांना "ए शमुवेल, खडू दे" म्हणायचा. ते कुणाला खटकायचंही नाही. आज मी अहोजाहो लिहितोय ते मला उशिरा सुचलेलं शहाणपण आहे. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी गुरांचा डॉक्टर. एकाहत्तर साली बदली होऊन नगरला आलो आणि एका वरिष्ठांच्या ओळखीने कॅम्पातल्या एका क्लबाचा मेंबर झालो. क्लब इंग्रजांच्या वेळचा. ते गेले तेव्हा त्यांच्या मागे एक उखडलेलं टेनिसचं मैदान, उंदरांनी घर केलेला एक पियानो आणि स्नूकरचं एक टेबल राहिलं होतं. मैदान आणि पियानो यांना वाली नव्हता. टेबलाला शमुवेल होते.

ते भिंगारहून सायकलवर यायचे. क्लबात त्यांचा हुद्दा मार्करचा, म्हणजे बोर्डावर मार्क लावायचे, बॉल जागेवर ठेवायचे, मेंबरांच्या हातात क्यू, खेळायचा लांब दांडा, द्यायचा. दर सोमवारी टेबलाच्या हिरव्या कापडाला इस्त्री. कोळशाची जड इस्त्री आधी जुन्या धोतरावर फिरवून बघायची, धोतर पिवळं पडलं नाही तरच ती टेबलावर. खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे, एकाच दिशेने. हात कधी उलटा यायचा नाही. एकोणतीस वर्षांत त्या कापडाला एक डाग पडला नव्हता. त्याच माणसाचा चहाचा पेला मात्र वेगळा, खिडकीत उपडा घातलेला असायचा, आणि तो आम्हा सुशिक्षितांना रोज दिसायचा. आम्ही काय केलं? चहा प्यायलो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. टेबलावर पंधरा लाल बॉल असतात, सहा रंगीत, आणि क्यूने मारायचा एक पांढरा. लाल एक मार्काचा. रंगीतांत पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा आणि काळा सात. पांढऱ्याने धक्का देऊन आधी एक लाल कडेच्या पॉकेटात घालवायचा, मग एक रंगीत, पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. लाल पॉकेटात गेला की गेला. रंगीत मात्र, अगदी शेवटच्या लालनंतरचा धरून, बाहेर काढून त्याच्या त्याच्या ठिपक्यावर परत ठेवायचा. आणि त्याच्या ठिपक्यावर दुसराच बॉल येऊन बसला असेल तर?

तर काय करायचं हे शमुवेल बोटावर मोजून दाखवायचे. "आपली जागा अडली तर वरनं बघायचं. काळ्याची मोकळी हाय का? न्हाई? मग गुलाबीची. मग निळ्याची. वरनं पयली मोकळी गावंल ती त्याची. साऱ्या अडल्या तरच आपल्या ठिपक्याच्या जवळ, वरच्या अंगाला."

आमच्या क्लबाला हा नियम माहीत नव्हता. नियमांचा इंग्रजी छापील तक्ता भिंतीवर काचेत लावलेला होता, पण त्याचा खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्ला होता आणि नेमकी ही कलमं त्या भागात होती. राहिलेल्या अर्ध्या तक्त्यावर क्लब वीस वर्षं चालला. जागा अडली की मेंबर म्हणायचे, "ठेव रे शेजारी कुठंतरी", आणि शमुवेल ठेवायचे. मात्र वाळवी लागायच्या आधी, चव्वेचाळीस साली, त्यांनी तो सगळा तक्ता मिशन शाळेतल्या एका मास्तरांकडून समजावून घेऊन मराठीत एका वहीत उतरवला होता. वहीला खाकी पुठ्ठा, वर वळणदार अक्षरात स्वतःचं नाव.

मी एकदा विचारलं, "मग रोज चुकीचं कशाला ठेवतोस?"

"रोजचा खेळ तुमच्या करमणुकीचा, डाक्टरसायेब. तुमी म्हणाल तिथं ठिवतो. पर कपाला न्हाई. कपाला टेबल माझं."

वर्षातून एकदा क्लबाची कपाची स्पर्धा व्हायची, त्या दिवशी ते खरंच वेगळे दिसायचे. पांढरे हातमोजे, काळा कोट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. त्या दिवशी ते कुणाच्या हातात क्यू द्यायचे नाहीत.

बहात्तरच्या डिसेंबरात कपाच्या अंतिम सामन्याला मी पोचलो, हे माझ्या खेळाचं कौतुक नव्हे. दुष्काळाने निम्मे मेंबर कामावर जुंपलेले होते, निम्मे आलेच नाहीत. मीही सकाळभर गुरांच्या छावणीत होतो. बुटांना शेण तसंच होतं. समोर आबासाहेब. नाव गोरक्षनाथ, पण ते नाव फक्त निमंत्रणपत्रिकेवर. मोठे बागाईतदार, क्लबाचे अध्यक्ष आणि जिल्ह्यातल्या तीन-चार कमिट्यांवर. माझी बदली कुठे व्हावी हे ज्यांच्या एका फोनवर ठरायचं त्यांच्यातले ते एक. टेबलाच्या बाजूने भिंतीलगत फळ्यांचा उंच ओटा होता, त्यावर मेंबरांच्या खुर्च्या आणि मधोमध आबासाहेबांची हातांची वेताची खुर्ची. ते नसले तरी तिच्यात कोणी बसत नसे. शमुवेलांचं लाकडी स्टूल खाली, मार्कांच्या बोर्डापाशी.

खेळाडू म्हणून मात्र आबासाहेब उत्तम. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मला त्यांचा राग येणार आहे.

निकालाचा डाव. माझे एक्कावन्न, त्यांचे पस्तीस. टेबलावर दोन लाल. आबासाहेबांनी त्यातला एक घालवला, मग सोपा म्हणून पिवळा घेतला. अडतीस. आता शमुवेलांनी पिवळा बाहेर काढून त्याच्या ठिपक्यावर ठेवायचा. पण मघाशी धक्का लागून घरंगळलेला तपकिरी नेमका त्या ठिपक्यावर येऊन बसला होता. काळाही आपली जागा सोडून उजव्या कडेपाशी गेला होता.

शमुवेल पिवळा हातमोज्यात धरून टेबलाच्या पार वरच्या टोकाला चालत गेले आणि काळ्याच्या रिकाम्या ठिपक्यावर तो ठेवला.

ओट्यावर हशा पिकला. आबासाहेबांनी आधी शमुवेलांकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे. "हे काय? दोन मार्काचं पिवळं साताच्या जागेवर?"

"जागा अडलीय, आबासाहेब," शमुवेल म्हणाले. "वरची पयली मोकळी काळ्याची."

"आजवर आपण शेजारी ठेवत आलोय."

"रोजच्या खेळाला. ह्यो कप हाय."

सेक्रेटरी गहिनीनाथराव, निवृत्त मामलेदार, खुर्चीतून उठले. हा माणूस हुकूम देताना नेहमी छताकडे बघायचा. "शमुवेल, वाद घालू नकोस. साहेब म्हणतात तिथं ठेव."

"न्हाई ठिवणार."

इतकं सरळ 'नाही' त्या खोलीत कधी कोणी ऐकलं नव्हतं. शमुवेलांनी कोटाच्या खिशातून वही काढली, पान उघडलं आणि टेबलाच्या लाकडी काठावर ठेवली. गहिनीनाथरावांनी ती दोन बोटांनी बाजूला सारली. "तुझ्या वहीवर क्लब चालायचा का?"

"मग तक्ता वाचा," शमुवेल म्हणाले. "वाळवीनं ठिवला आसंल तेवढा."

आता आबासाहेबांचा तोल गेला. ते तरातरा वरच्या टोकाला गेले, त्यांनी काळ्याच्या ठिपक्यावरचा पिवळा स्वतःच्या हाताने उचलला आणि खाली आणून तपकिरीच्या शेजारी आपटला.

शमुवेल जागचे हलले नाहीत. नेहमीच्या, मार्क सांगायच्या, सपाट आवाजात ते म्हणाले, "फाऊल. चार मार्क डाक्टरसायबाला." आणि बोर्डापाशी जाऊन त्यांनी माझा काटा एक्कावन्नवरून पंचावन्नवर सरकवला. मग परत आले, पिवळा उचलला, कोटाच्या बाहीने पुसला आणि पुन्हा काळ्याच्या ठिपक्यावर ठेवला. "पाळी डाक्टरसायबाची."

नियम तसाच होता. चालू डावात खेळाडूने बॉलला हात लावला तर फाऊल, आणि फाऊलला कमीत कमी चार. पण तो आबासाहेबांना लावायचा असतो हे आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"उद्यापासून येऊ नकोस," गहिनीनाथराव छताला म्हणाले.

"उद्याचं उद्या बघू. आज मॅच पुरी व्हायचीय."

आबासाहेब हसले. ते हसणं मला आजही आवडत नाही. ते माझ्याकडे वळले. "काय डॉक्टर? तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, पिवळं कुठं ठेवायचं?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला एक शब्द बोलायचा होता. नियम मला माहीत होता, वही मी वाचली होती, फायदा माझाच होता. आणि मला माझी बदली दिसली, कुठलासा शेवटचा आडगावचा दवाखाना दिसला, आणि मी म्हणालो, "आबासाहेब म्हणतील तसं."

शमुवेल माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. छावणीत गाय उठणार नाही हे कळल्यावर मी जसा तिच्या मालकाकडे बघतो तसे ते बघत होते. मग त्यांनी वही उचलली, पेन्सिलने तिच्यात काहीतरी रेखाटलं, हातमोजे काढून खिशात घातले आणि टेबलावरचे दिवे बंद केले.

"मॅच अपुरी," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

कप आबासाहेबांना दिला गेला. मी टाळ्या वाजवल्या. हे मी कुणी विचारलं नसताना सांगतोय, कारण ते इतकी वर्षं पोटात ठेवून मला त्याचा कंटाळा आलाय.

शमुवेलांच्या जागी गहिनीनाथरावांचा मेहुणा कानिफनाथ आला. माणूस गरीब, चाळिशीतला, आधी किराणा दुकानात होता. त्याने टेबलाला पहिल्याच सोमवारी आडवी-उभी इस्त्री केली आणि बॉल वाकडे धावू लागले. दुसऱ्या महिन्यात निळ्या ठिपक्यापाशी इस्त्रीचा तपकिरी डाग उमटला. पण खरी पंचाईत पुढेच होती. शेजारी म्हणजे नेमकं कुठे, हे आजवर शमुवेलांचा हात ठरवायचा. एकदा नियम सोडला की माणसाला हद्द सापडत नाही. जो तो आपल्या सोयीचं शेजारी सांगायचा. कोणी वीतभर, कोणी हातभर. भांडणं व्हायची. दोन जुने मेंबर एकमेकांशी बोलेनासे झाले. खेळायला येणारे पत्त्यांकडे वळले. त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात पुन्हा कप आला तेव्हा नावं देणारे फक्त तिघे, आणि तिघांनीही एकच अट घातली: मार्कर शमुवेल पाहिजे.

गहिनीनाथरावांनी मला पाठवलं. "तुमचं ऐकेल तो," असं ते म्हणाले. माझं कशाला ऐकेल, हे मला विचारता आलं नाही.

भिंगारला एका कडुलिंबाखाली शमुवेलांनी इस्त्रीचं दुकान टाकलं होतं. चार खांब, वर पत्रा. कपडे एकाच दिशेने, खालून वर. त्यांच्या पत्नी मरियाबाई घडी घालत होत्या. मला बघून त्यांनी घडी घालायची थांबवली.

"ह्येच का ते गुरांचे डाक्टर?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"व्हय."

"गुरं तरी हंबरत्यात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घडी घालू लागल्या.

ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी म्हणालो, "शमुवेलराव, त्या दिवशी मी भ्यालो. चूक माझी."

त्यांनी इस्त्री खाली ठेवली. राव ऐकून ते थोडे गोंधळले असावेत. बराच वेळ कोळशावरची राख फुंकत राहिले. "क्लबानं बोलवलंय?"

"हो."

"येतो. पगाराचं बोलनं न्हाई, माफीचं बी न्हाई. पर नवा कप न्हाई. आदी जुनी मॅच पुरी करायची." त्यांनी खुंटीला टांगलेल्या पिशवीतून ती खाकी वही काढली. शेवटच्या पानावर पेन्सिलने टेबल काढलेलं होतं आणि त्यावर सगळे बॉल. शेवटचा लाल डाव्या कोपऱ्याजवळ. तपकिरी पिवळ्याच्या ठिपक्यावर. काळा उजव्या कडेपासून एक वीत. आणि वर, काळ्याच्या जागी, पिवळा. खाली लिहिलेलं: डॉक्टर ५५, आबासाहेब ३८, पाळी डॉक्टर.

रविवारी दुपारी ते क्लबात आले. काळा कोट, हातमोजे, भांग. ओटा भरला होता. पत्ते खेळणारेसुद्धा उठून आले होते. आबासाहेब अजून यायचे होते. शमुवेलांनी वही उघडून एकेक बॉल मांडला, वीत घालून मोजला, पिवळा काळ्याच्या ठिपक्यावर ठेवला. इस्त्रीच्या डागापाशी ते थांबले, त्यावरून एकदा अंगठा फिरवला. बोर्डावर मार्क लावले. मग बसायला वळले तर त्यांच्या स्टुलावर कानिफनाथ.

कानिफनाथ बिचारा अर्धवट उठला. गहिनीनाथरावांनी त्याला हाताने खाली दाबलं. "तो आता पगारी मार्कर आहे. त्याची जागा ती. तू उभा राहा शमुवेल, दोन तास तर आहेत."

शमुवेलांनी स्टुलाकडे बघितलं. मग मान वर करून ओट्याकडे बघितलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश, खुर्चीमागून खुर्ची. मग ते तीन पायऱ्या चढून वर गेले आणि आबासाहेबांच्या वेताच्या खुर्चीत बसले.

मला हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. गहिनीनाथराव पहिल्यांदाच छत सोडून माणसाकडे बघत होते. "अरे, ती... ऊठ! ती कुणाची खुर्ची आहे कळतंय का?"

"माझी जागा अडलीय," शमुवेल म्हणाले. "वरची पयली मोकळी ही."

तेवढ्यात दारात आबासाहेब उभे राहिले. त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग खुर्चीतला माणूस, मग टेबल आणि त्यावरचा पिवळा. गहिनीनाथराव लगबगीने पायऱ्या चढले आणि शमुवेलांचा दंड धरायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" हे मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "चालू डाव आहे, गहिनीनाथराव. पाळी माझी आहे आणि मार्कर जागेवर आहे. कुणी हात लावला तर मी क्लब सोडतो, आणि का सोडला ते नगरभर सांगतो."

त्या क्षणी मला कुठलाही आडगावचा दवाखाना दिसला नाही. गहिनीनाथरावांचा हात हवेतच राहिला. शमुवेलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली.

"पाळी डाक्टरसायबाची," ते खुर्चीतून म्हणाले. "पंचावन्न, अडतीस."

मी क्यूला खडू लावला. लाल सोपा होता आणि मी तो चुकवला.

आबासाहेबांनी कोट काढून खुंटीला अडकवला. टेबलापाशी आले, खाली वाकले, पुन्हा सरळ झाले. सगळ्यांना वाटलं आता बोलणार. ते बराच वेळ त्या पिवळ्याकडे बघत उभे होते. मग मान वर करून, स्वतःच्या खुर्चीकडे बघून त्यांनी विचारलं, "मार्कर, पिवळा बरोबर आहे?"

"बरोबर हाय."

आबासाहेबांनी लाल घेतला. तपकिरी घेतला, आणि शमुवेल खाली उतरले, तो त्याच्या ठिपक्यावर ठेवून परत वर जाऊन बसले. लाल संपले, आता रंगीत क्रमाने घालवायचे आणि ते परत येत नाहीत. आधी टेबलाच्या पार वरच्या टोकाचा, काळ्याच्या जागेवरचा पिवळा. इतका अवघड फटका मी त्या क्लबात दुसरा पाहिला नाही. हिरवा. तपकिरी. निळा. गुलाबी गेला तेव्हा ते आठ मार्कांनी पुढे होते आणि टेबलावर उरला होता फक्त साताचा काळा.

शमुवेल उठले. ज्या माणसापायी त्यांची भाकरी गेली होती त्याच्या खुर्चीपुढे उभं राहून, त्याच सपाट आवाजात त्यांनी निकाल सांगितला. "आबासाहेब त्रेसष्ट, डाक्टरसायेब पंचावन्न. मॅच पुरी. आबासाहेब जिंकले."

मग त्यांनी हातमोजे काढले आणि वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली. कानिफनाथ स्टुलावरून उठून बाजूला उभा होता. शमुवेल पायऱ्या उतरून खाली आले, रिकाम्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सोमवारी कोळसा सांगून ठिवा. कापड लई बिघडलंय."